मीटर ब्रिजची व्हायव्हा: रीडिंग तुझेच ना?

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आणि व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) तारखा लागल्या की तेच ते प्रश्न येतात. यंदा बहुतेक मीटर ब्रिजवरचे आहेत, म्हणून एकत्र उत्तरे. मीटर ब्रिज म्हणजे एक मीटर तारेच्या मदतीने अज्ञात रोध मोजायचे साधन: पट्ट्यांमधल्या एका गॅपमध्ये अज्ञात रोध, दुसऱ्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्समधला माहीत असलेला, आणि तारेवर जॉकी टेकवून गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो तो समतोल बिंदू शोधायचा.

सर, ब्रिजची तार तांब्याची असते ना? क्लासच्या नोट्समध्ये तसेच आहे. (विद्यार्थिनी, मानेवाडा)

नाही. तार मँगनिन किंवा कॉन्स्टंटनची, तांब्याच्या असतात त्या जाड पट्ट्या. ती नोट खोडून टाक.

जॉकी कुठेही टेकवली तरी काटा एकाच बाजूला जातो. (विद्यार्थी, नंदनवन)

रेझिस्टन्स बॉक्समधून एखादा प्लग काढलास का, ते आधी बघ. सगळे प्लग आत असतील तर रोध शून्य. बाकीचे प्लग दाबून, किंचित फिरवून घट्ट बसव. मग दोन्ही गॅपचे स्क्रू तपास. तिथल्या वायरचे एक टोक सुटले किंवा त्यावर इनॅमल (वायरवरचा लेप) राहिले, तर समतोल बिंदू सापडणारच नाही. टोक सँडपेपरने घास. काटा मुळीच हलत नसेल तर सेल, की (स्विच) आणि गॅल्व्हानोमीटरची जोडणी बघ. एवढे करूनही जमेना तर सरांना बोलाव.

समतोल बिंदू मधेच का हवा? (विद्यार्थिनी, प्रतापनगर)

एक मिलिमीटर चुकलीस असे समज. बिंदू ५० सेंमीवर असेल तर उत्तरात ०.४ टक्के चूक, १० सेंमीवर असेल तर १.१ टक्के. म्हणून बिंदू साधारण ४० ते ६० च्या मधे येईल असा रोध बॉक्समधून काढायचा. आणि जॉकी तारेवर घासत नेऊ नकोस. टेकव, उचल, पुढे सरक. घासून तार कुठे बारीक झाली की सेंटीमीटरचे गुणोत्तर म्हणजे रोधाचे गुणोत्तर, हा प्रयोगाचा पायाच जातो.

मित्राचे रीडिंग जर्नलमध्ये उतरवले. रोध मोजायची तार दोघांची एकच होती. चालेल ना? (विद्यार्थी, हुडकेश्वर)

चालणार नाही. "एवढे कोण बघतो" हे तुला ज्याने सांगितले, त्याला व्हायव्हा द्यायची नाही. उतरवलेले आकडे ओळखायला परीक्षकाला मिनिट लागत नाही. बॉक्समध्ये २, ३, ४, ५ ओहम आणि अज्ञात रोध चारही वेळा बरोब्बर ४.००! किंवा अज्ञात रोध डाव्या गॅपमध्ये असताना समतोल बिंदू ४४.६ सेंमीवर, आणि गॅप बदलल्यावर नेमका ५५.४ वर. खऱ्या ब्रिजवर तिथे ५५.१ येईल, ५५.७ येईल, बेरीज काटेकोर शंभर क्वचितच. तार पट्टीला जोडलेली असते तिथे थोडा रोध असतो, शिवाय मोजपट्टीचे शून्य तारेच्या टोकाशी तंतोतंत जुळत नाही. ही एंड करेक्शनची भानगड. गॅपची अदलाबदल करून सरासरी घेतो ती त्यासाठीच. आता परीक्षक विचारणार, "अदलाबदल का केलीस?" ज्याने स्वतः ४४.६ नंतर ५५.१ पाहिले, त्याला उत्तर सुचते. तुला पाठ केलेले वाक्य आठवावे लागेल, आणि "मग तुझ्या आकड्यांत फरक का नाही?" या पुढच्या प्रश्नाला ते वाक्य संपते. सरांना खरे सांग आणि प्रयोग पुन्हा करू द्या म्हण. जर्नलवर सही व्हायच्या आत.

सीताबर्डीत 'हमखास शंभर प्रश्न' असा झेरॉक्स सेट मिळतो. घ्यावा का? (विद्यार्थिनी, महाल)

पैसे वाचव. हमखास प्रश्न तुझ्या जर्नलच्या पानावर आहेत.

मुलगा टायअपच्या (क्लासशी संगनमत असलेल्या) कॉलेजात आहे, वर्षभर लॅब झालीच नाही. क्लासवाले म्हणतात, शेवटच्या दोन दिवसांत करवून घेऊ. (पालक, मनीषनगर)

थांबू नका. जोडणी दोन दिवसांत दाखवता येते, पण हात बसत नाही. प्रॅक्टिकलचे ३० गुण बोर्डाचे आहेत, क्लासचे नव्हेत. उद्याच कॉलेजात जाऊन भौतिकशास्त्राच्या सरांना भेटा, लॅबची वेळ मागा, आणि तिकडे 'बघू' म्हणाले तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.