अणूचं 'केंद्रक' की 'गाभा'?

प्रश्न असा आहे: लॅटिनमध्ये 'न्यूक्लियस' म्हणजे कवचाच्या आतली बी. मग अणूच्या न्यूक्लियसला मराठीत 'गाभा' न म्हणता 'केंद्रक' का म्हणतात? भाषांतर चुकलं का?

मला ते चुकलेलं वाटत नाही. उलट भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफोर्डनं ही गोष्ट पहिल्यांदा मांडली तेव्हा वापरलेल्या शब्दांना 'केंद्रक'च जास्त जवळचा आहे.

1909 साली मँचेस्टरला त्याच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन धातूच्या वर्खावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून वेगानं बाहेर पडणारे धनप्रभारित कण, सोडत होते. (पुष्कळदा 'सोन्याचा पत्रा' असं लिहिलेलं दिसतं. 'वर्ख' हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, तोच वापरावा.) आधी अंधारात बसून डोळे काळोखाला सरावू द्यायचे, मग झिंक सल्फाइडच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकातून नजर लावायची. कण आदळला की बारीकशी चमक दिसे. त्या चमका एकेक करून मोजायच्या. त्याआधीच्या, भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनच्या मांडणीनुसार अणूतला धनप्रभार सगळीकडे सारखा पसरलेला होता, म्हणजे कण फार तर किंचित वळून आरपार जायला हवे होते. बहुतेक गेलेही. पण प्लॅटिनमवर सोडलेल्या कणांपैकी साधारण 8,000 मध्ये 1 मागे फिरला.

एवढ्या वेगवान कणाला मागे फिरवायचं तर प्रभार एका ठिकाणी एकवटलेला हवा, हे रदरफोर्डनं गणितानं दाखवलं आणि 1911 मध्ये निबंध लिहिला. त्या निबंधात 'न्यूक्लियस' हा शब्द नाही! तिथे आहे 'केंद्रातला प्रभार'. तो धन की ऋण, हेही त्यानं तेव्हा ठामपणे सांगितलं नव्हतं; सोयीसाठी धन धरला, कारण आकडेमोड दोन्हीकडून तीच येत होती. खात्री होती ती जागेची. 'न्यूक्लियस' हा शब्द तो नंतर वापरू लागला. जीवशास्त्रात तो आधीच होता. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राउननं पेशीतल्या भागाला ते नाव दिलं होतं.

'केंद्रक' जागाच सांगतं, म्हणून ते मला पटतं. 'गाभा' म्हटलं की फणसाचा किंवा केळीचा भरगच्च आतला भाग डोळ्यांसमोर येतो. अणूचं तसं नाही. जवळजवळ सगळं वस्तुमान केंद्रकात असलं, तरी त्याचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजारांश ते लाखांश एवढाच. बाकी सगळा इलेक्ट्रॉनांचा पसारा. शिवाय 'गाभा' दुसरीकडे कामाला लागलेला आहे: पृथ्वीचा गाभा, अणुभट्टीचा गाभा. अणुभट्टीच्या गाभ्यातल्या इंधनातल्या अणूंचा गाभा, असं वाक्य लिहून पाहा, अडचण लगेच कळेल.

हिंदीत पेशीतलं ते 'केंद्रक' आणि अणूतला तो 'नाभिक', अशी विभागणी आहे. मराठीत दोन्हीकडे 'केंद्रक' चालतं. घोटाळा होईल असं वाटलं तर 'अणुकेंद्रक' आणि 'पेशीकेंद्रक' म्हणावं.

वापरताना एवढं सांभाळा: शब्द नपुंसकलिंगी आहे, ते केंद्रक, अनेकवचन केंद्रके. आणि विशेषण 'केंद्रकीय'. 'केंद्रीय विखंडन' लिहिलंत तर दिल्लीतल्या एखाद्या खात्याचे तुकडे पडल्यासारखं वाचलं जाईल. 'केंद्रकीय विखंडन' लिहा.