धड फर्मवेअर नाही, धड बॅकएंड नाही

“इतकी वर्षं नोकरी केली, पण मी नेमका कशातला माणूस, हेच सांगता येत नाही.” नोकरीबद्दल सल्ला घ्यायला येणाऱ्या पस्तिशीच्या आसपासच्या इंजिनिअरांकडून ही तक्रार मी वरचेवर ऐकते. हा त्यातलाच एक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

मुलगा सोलापूरचाच, शिक्षणही इथलंच. पुण्यात सहा वर्षं वीजमीटरचं फर्मवेअर, म्हणजे मीटरच्या आतच चालणारा प्रोग्रॅम, लिहिलं. सी भाषा, मेमरी मोजकी किलोबाइट, त्यात सगळं बसवायचं. मग त्याच मीटरांची रीडिंग्ज जिथं जमा होतात त्या सर्व्हरच्या कामावर, म्हणजे बॅकएंडला, गेला. आता नोकरी बदलायची तर एक कंपनी म्हणते, “हार्डवेअर सोडून पाच वर्षं झाली तुम्हाला.” दुसरी म्हणते, “सर्व्हरवरच्या मोठ्या ट्रॅफिकचा अनुभव कमी आहे.” घरी वडिलांचा शेरा ठरलेला: एक ना धड, भाराभर चिंध्या. टॉवेलच्या कारखान्यात एकाच खात्यात हयात गेलेला माणूस. त्यांना दुसरं काय वाटणार?

“मॅडम, कुठली बाजू धरू तेवढं सांगा.”

मी म्हटलं, ते बघू. आधी असं एखादं काम सांगा, जे तुम्ही नसता तर अडलं असतं.

थोडा वेळ गेला, मग गडी खुलला. एका भागात लाइट जायची. परत आली की हजारो मीटर एकाच वेळी सर्व्हरला जोडायला धावायचे आणि सर्व्हर आडवा व्हायचा. जोडणी तुटली की मीटर लगेच पुन्हा प्रयत्न करणार, त्यामुळे सर्व्हरला उठायला उसंतच नाही. बॅकएंडवाले आणखी मशीन मागत होते. फर्मवेअरवाले म्हणत, आमचा कोड बरोबर आहे. यानं मीटरमध्येच बदल केला: लाइट आल्यावर प्रत्येक मीटरनं वेगवेगळे काही सेकंद थांबायचं, जोडणी जमली नाही तर दर वेळी जास्त थांबायचं.

दुसरा घोळ दुबार रीडिंगचा. मीटर सर्व्हरशी एमक्यूटीटीवर बोलायचे, म्हणजे उपकरणांनी छोटे निरोप पाठवायच्या एका ठरलेल्या पद्धतीनं. हा प्रोटोकॉल १९९९ मधला, तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी केलेला, हेही त्यानं मोठ्या हौसेनं ऐकवलं. त्यात ‘निदान एकदा तरी पोचेल’ अशी हमी घेतली की पोच हरवल्यावर तोच निरोप पुन्हा येतो. मग यानं प्रत्येक रीडिंगला मीटरमध्येच क्रमांक दिला आणि सर्व्हरवर दुसऱ्यांदा आलेलं गाळलं.

सांगता सांगता माझ्याच वहीत मीटर, मॉडेम, सर्व्हर असं चित्र काढून झालं होतं. शेजारी बायको बसली होती. म्हणाली, “हे मला कधी सांगितलंच नाही यांनी.”

रेझ्युमेतही नव्हतं. तिथं नुसती नावांची जंत्री: सी, जावा, एमक्यूटीटी, पोस्टग्रेस. मी ती खाली ढकलायला लावली आणि वर हे दोन प्रसंग लिहायला सांगितले, चार-चार ओळींत. अर्ज करायचे ते जिथं उपकरण आणि सर्व्हर दोन्ही कंपनीचेच आहेत तिथं: स्मार्ट मीटर, गाड्यांची चार्जिंग स्टेशनं, सौरपंप.

सगळ्यांना मी हे सांगत नाही. साहेब ओरडला म्हणून दर आठ महिन्यांनी नोकरी बदलणाऱ्याशी बोलणं वेगळं असतं. यालाही निव्वळ बॅकएंडच्या मोठ्या जागा हव्या असतील तर सिस्टिम डिझाइनचा, म्हणजे मोठी यंत्रणा कशी उभारायची याचा, अभ्यास चुकणार नाही. फर्मवेअरचा सराव तुटलाय, त्याला ईएसपी३२ या छोट्या चिपचा स्वस्तातला बोर्ड आणि रविवार पुरेत.

चार्जिंग स्टेशनच्या एका कंपनीत दुसरी फेरी झालीय. पगार आत्तापेक्षा थोडा कमी सांगताहेत. घराच्या हप्त्याचा हिशेब घेऊन दोघं पुढच्या आठवड्यात येणार आहेत.