निर्वासित, शरणार्थी की आश्रयार्थी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे मधूनच वाचायला लागलेल्यालाही संदर्भ लागेल. कॅनडातल्या एका मदत केंद्राचं माहितीपत्रक बऱ्याच भारतीय भाषांत होतंय, मराठीचं काम तुमच्याकडे दादरला आलंय, त्यात 'रेफ्युजी प्रोटेक्शन क्लेम' (परक्या देशाकडे आश्रय मागणं) आणि 'क्लेमंट' (तो मागणारा) पानापानावर आहेत. तुम्ही 'शरणार्थी' लिहिलंत, तपासणाऱ्यांनी ते हिंदी आहे म्हणून खोडून सगळीकडे 'निर्वासित' केलं, आणि क्लेमचं कुठे दावा झालंय कुठे अर्ज. मग नेमकं काय ठेवायचं?

मला विचाराल तर शरणार्थी काही चूक नाही, संस्कृतच शब्द आहे तो, पण सगळीकडे निर्वासित करणं मात्र चूक आहे आणि त्याने पत्रक वाचणाऱ्या माणसाचं नुकसान होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निर्वासित हा शब्द उलगडून बघा. निवास, प्रवास, वनवास, रहिवासी हे सगळे ज्या 'वस्' धातूचे, त्याचंच प्रयोजक रूप म्हणजे 'वासित' आणि त्याआधी 'निर्'. म्हणजे ज्याला राहत्या जागेतून बाहेर काढलं गेलं तो. शेवटचा 'इत' महत्त्वाचा आहे, पीडित, वंचित, विस्थापित, सगळ्यांत तोच. काहीतरी घडून गेलंय, दुसऱ्या कोणीतरी केलंय आणि याने ते सोसलंय. उलट शरणार्थी हा विद्यार्थी, परीक्षार्थी, लाभार्थीच्या रांगेतला. 'अर्थी' म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. तो स्वतः कर्ता आहे आणि त्याचं तोंड पुढे आहे, मागे नाही.

हा फरक नुसता व्याकरणापुरता वाटेल, पण आश्रयाच्या कायद्याचा सगळा मुद्दा इथेच येतो. १९५१चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे (त्याची मुदतीची आणि भूगोलाची मर्यादा १९६७च्या पूरक कराराने काढली) त्यातली व्याख्या बघा. माणूस स्वतःच्या देशाबाहेर पाहिजे, आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने आपला छळ होईल अशी त्याला साधार भीती पाहिजे, आणि त्या भीतीपोटी तो आपल्या देशाचं संरक्षण घेऊ शकत नाही किंवा घ्यायला धजत नाही. या व्याख्येत 'काढलं' कुठे आहे? नाहीच. प्रश्न पुढचा आहे, परत पाठवलं तर काय होईल. मागे मार खाल्ला असेल तर तो मोठा पुरावा ठरतो, पण खाल्लाच पाहिजे असं नाही. समजा एक मुलगा शिकायला परदेशी गेलाय, रीतसर व्हिसावर, विमानतळावर सगळं घर सोडायला आलं होतं, आणि दोन वर्षांनी त्याच्या देशात लष्कराने सत्ता घेतली आणि तो ज्या पक्षाचा होता त्या पक्षाची माणसं उचलायला लागले. याला कोणी काढलं नाही, हा निर्वासित कसला, असं मराठी वाचणारा म्हणेल. कायदा मात्र म्हणतो की हाही बसतो. तुमच्या पत्रकात फक्त 'निर्वासित' असेल तर असा माणूस ते वाचून म्हणेल की हे आपल्यासाठी नाही, आणि घडी करून ठेवून देईल.

मी चेंबूर कॅम्पात वाढलो. शेजारच्या बराकीत एक सिंधी आजी होत्या, फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्या. शाळेच्या पुस्तकात 'निर्वासितांचा प्रश्न' असा धडा होता तो मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचत होतो तर आतून आवाज आला, "निर्वासित कोण रे? आम्हाला कोणी काढलं नाही, आम्ही आमच्या पायांनी निघालो." तेव्हा मला वाटलं आजी चिडल्या. आता वाटतं की त्यांना तो 'इत' टोचला होता. उत्तरेकडे त्या काळात बऱ्याच लोकांनी शरणार्थीसुद्धा नाकारून स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेतलं, त्यामागेही हेच असणार. त्या आजींच्या ट्रंकेत एक कागद होता, चारही घड्यांवर चिकटपट्टी लावून लावून पिवळा झालेला, त्याला घरात सगळे 'क्लेम' म्हणायचे. क्लेम आला, क्लेम अडकला, क्लेमात एवढेच मिळाले. तो क्लेम म्हणजे मागे राहिलेल्या घरादाराची नुकसानभरपाई, अशा क्लेमच्या नोंदीसाठी आणि तपासणीसाठी १९५०चा कायदाच होता, आणि त्यात रेफ्युजी नाही तर 'डिस्प्लेस्ड पर्सन' म्हणजे विस्थापित असा शब्द होता. म्हणजे मुंबईत क्लेम हा शब्द घराघरात होता, फक्त तो मालमत्तेचा होता. तुमच्या पत्रकातला क्लेम जिवाचा आहे.

आता दावा की अर्ज. मला आधी अर्जच बरा वाटला होता, सोपा आहे, सगळ्यांना कळतो. पण अर्ज म्हटलं की विनंती आली, साहेबांनी मेहेरबानी केली तर मंजूर. आणि इथे मेहेरबानीचा प्रश्न नाही. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ४ एप्रिल १९८५ला सिंग खटल्यात सांगितलं की ज्याच्या खरेखोटेपणावर निर्णय अवलंबून आहे त्याला समोर बसवून तोंडी ऐकून घेतलंच पाहिजे, नुसत्या कागदावर फेटाळून चालणार नाही, आणि देशात पाय ठेवलेल्या परक्या माणसालाही हे संरक्षण आहे. (त्या खटल्यातले बहुतेक लोक आपल्याकडचे शीख होते.) म्हणजे हा हक्क आहे आणि हक्काला मराठीत दावाच म्हणतात.

फक्त क्रियापद सांभाळा, कारण आपल्या बातम्यांनी 'दावा करणे' पार बिघडवून टाकलंय. 'छळ झाल्याचा दावा त्याने केला' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, थापा मारतोय. 'त्याने दावा दाखल केला' म्हटलं की ती कायदेशीर कृती होते, शंकेचा वास राहत नाही. म्हणून सगळीकडे दाखल करणे, मांडणे, मंजूर, नामंजूर. आणि क्लेमंटला दावेदार अजिबात नको, दावेदार म्हटलं की मुख्यमंत्रिपद आठवतं.

'साधार भीती' तुम्ही लिहिलंत ते मला फार आवडलं, तपासणाऱ्यांनी तिथे 'रास्त भीती' सुचवलंय ते घेऊ नका. रास्त म्हणजे योग्य, वाजवी, ते भीतीला प्रमाणपत्र देण्यासारखं होतं. साधारमध्ये दोन्ही गोष्टी येतात, भीती माणसाच्या मनातली आणि आधार बाहेरचा, आणि तपासणीही तशीच दुहेरी असते. माणसाची हकिगत ऐकतात आणि शेजारी त्या देशाच्या परिस्थितीचे अहवाल ठेवतात. आधार किती पाहिजे तर पन्नास टक्क्यांच्या वर शक्यता दाखवायची गरज नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७मध्ये सांगितलं की दहा टक्के शक्यता असली तरी भीती साधार असू शकते. कॅनडात १९८९पासून शब्द असे आहेत की शक्यता नाममात्र नको, पण निम्म्याहून जास्तही असायला नको. मला हे अगदी पटतं. दहातल्या एका गाडीचा ब्रेक फेल होणार हे माहीत असलं तर आपण पोराला त्यातल्या कुठल्याच गाडीत बसवणार नाही.

खरी अडचण हकिगतीत असते आणि भाषेच्या माणसाने तिथेच लक्ष द्यायला पाहिजे. कॅनडात शपथेवर सांगितलेलं खरं धरून चालायचं, संशयाला कारण मिळेपर्यंत, असं तिथल्या फेडरल अपील कोर्टाने १९७९मध्येच म्हटलंय. पण ते कारण बऱ्याचदा विसंगतीतून निघतं, फॉर्मवर एक आणि सुनावणीत दुसरं. आता आपली मराठी घ्या. 'माझ्या भावाला पकडून नेलं' असं फॉर्मवर आलं, सुनावणीत विचारलं सख्खा का, तर म्हणाला, नाही चुलत. आपल्याला यात काहीच वाटत नाही, आपण चुलतभावाला भाऊच म्हणतो, पण इंग्रजीत ते ब्रदर झालं आणि मग कझिन झालं म्हणजे माणूस खोटं बोलला. किंवा 'परवा पोलीस आले होते'. परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी, आणि बोलताना परवा म्हणजे मागच्या महिन्यातही, आणि परवा म्हणजे यायचा दिवससुद्धा! तारखांचं तर विचारू नका, इथिओपियाचं वर्ष आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं आणि इराणचं नवं वर्ष मार्चच्या एकवीस तारखेच्या आसपास लागतं, तिथे घाईत आकडेमोड चुकली की एक घटना दुसऱ्या वर्षात जाते. म्हणून पत्रकात एक ओळ मराठीत ठळक घाला: नातं सांगताना सख्खं-चुलत-मावस स्पष्ट सांगा, आणि दुभाषाचं नीट कळलं नाही तर तिथेच थांबवून सांगा.

अजून एक शब्दप्रयोग तुम्ही विचारला होता, 'इंटर्नल फ्लाइट अल्टर्नेटिव्ह', त्याचं 'अंतर्गत उड्डाण पर्याय' झालंय. ते आधी काढा, लोक विमानाचं समजतील. तो फ्लाइट म्हणजे पळणं. 'देशातच दुसरीकडे सुरक्षित राहण्याचा पर्याय' असं सरळ लिहा, लांब झालं तरी चालेल. यात आपल्या गावाचा संबंध येतो, कारण पंजाबातून किंवा हरियाणातून आलेल्या माणसाला कॅनडात अनेकदा हाच प्रश्न विचारतात की तू मुंबईत जाऊन का राहिला नाहीस. निकालपत्रांत मुंबई, दिल्ली, बंगळुरू अशी नावंच असतात. मग दोन गोष्टी बघतात. मुंबईतही छळाची गंभीर शक्यता आहे का, म्हणजे मागे लागलेल्यांकडे त्याला इथे शोधायची ताकद आणि इच्छा आहे का, आणि त्याच्या परिस्थितीत त्याने इथे येऊन राहणं वाजवी आहे का. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्यायची असते ना, तो आपला कंटाळवाणा फॉर्म, त्याचीसुद्धा तिथे चर्चा होते की त्यातून माणसाचा माग लागू शकतो का. ज्या शहरात मुंग्यांसारखे लोक राहतात तिथे लपता येईल असं तिकडून वाटत असणार. भाषा येत नाही, ओळख नाही, डिपॉझिट नाही अशा माणसाला इथे खोली कशी मिळते ते आपल्याला माहीत आहे.

आपल्या देशाबद्दल एवढंच की भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही, १९४६चा परकीय नागरिकांचा कायदा जाऊन २०२५चा आला तरी त्यात निर्वासिताची व्याख्या नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ लोक सरकार बघतं, बाकी बऱ्याच जणांचे दावे दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितविषयक कार्यालय तपासतं.

तर माझी शिफारस अशी, की ज्याचा दावा अजून चालू आहे तो 'आश्रयार्थी'. शरणार्थीपेक्षा हा बरा, कारण मराठीत 'शरण आला' म्हटलं की भक्तीत चालतं पण एरवी हत्यार खाली ठेवल्यासारखं वाटतं. दावा मंजूर झाला की 'निर्वासित', कारण तो शब्द आपल्याकडे मुरलाय. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले त्यांनाही जुनी माणसं पोलिश निर्वासितच म्हणतात. १९७१च्या पाच पैशांच्या तिकिटावर मात्र 'शरणार्थी सहायता' छापलं होतं, ती हिंदी. एक तळटीप मात्र जरूर द्या. मंजुरीने माणूस निर्वासित बनत नाही, तो आधीपासूनच असतो, मंजुरी फक्त ते जाहीर करते, असं संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेतच आहे. आणि स्वदेशातच घर सुटलेला तो विस्थापित.

राहिला 'छळ'. तुमची शंका रास्त आहे की मराठी पेपरात छळ म्हणजे सासरचा छळ, एवढा घरगुती शब्द कायद्यात चालेल का. माझ्या मते चालेल, आणि घरगुती आहे म्हणूनच ठेवा. कॅनडाने १९९३मध्ये बायकांच्या दाव्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्याच वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टाने वॉर्ड खटल्यात सांगितलं की छळ करणारं सरकारच पाहिजे असं नाही, सरकार वाचवू शकत नसेल तरी पुरे. म्हणजे नवऱ्याने मारलं, पोलिसांनी घरचं भांडण म्हणून परत पाठवलं, पुन्हा गेली तर पुन्हा परत पाठवलं, अशा बाईचाही दावा उभा राहू शकतो. तिने पत्रक उघडलं आणि तिथे 'उत्पीडन' वाचलं तर ती पुढचं वाचेल का मला शंका आहे. 'छळ' वाचला तर थांबेल.

स्त्रीलिंगाचं विचारलंत तर विद्यार्थिनीसारखं 'आश्रयार्थिनी' व्याकरणाने शुद्ध आहे, पण मी 'आश्रयार्थी महिला' लिहीन, आणि पत्रकातल्या चौकोनात तर सरळ 'तुम्ही' लिहा: तुम्हाला परत जायची भीती का वाटते ते तुमच्या शब्दांत सांगा.