जपानी काष्ठछापांतला पावसाळी रात्रीचा रस्ता इतका ओला कसा दिसतो? भिंतीवर लावायला पोस्टर चालेल का?

कागदच दमट असतो. रंग पाण्यातला, मशीन नाही. कोरलेल्या लाकडी ठशावर ब्रशने रंग लावायचा, कागद ठेवायचा आणि मागून बारेनने, म्हणजे हातात धरायच्या गोल चकतीने, घासायचं. काळोखातून उजेडात विरणारी ती छटा, बोकाशी, ठशावर कोरलेली नसते. छापणारा ती प्रत्येक कागदासाठी नव्याने ओढतो. खिडकी उजळते, कारण रात्रीच्या रंगांचे ठसे तिथे टेकूच दिलेले नसतात.

म्हणजे ओला रस्ता छापणाऱ्याच्या हातातून येतो. यावरून आमच्या घरात बरीच वर्षं वाद आहे. वडील छापखान्यात होते, आधी ट्रेडलवर (पायाने चालवायचं छपाईयंत्र), मग ऑफसेटवर. चित्रकला शिकलेला चुलतभाऊ दर दिवाळीला फराळाच्या ताटावर म्हणायचा, "काका, कलाकार चित्र काढणारा. छापणारा काय, सांगितलेलं छापतो." वडील गप्प बसायचे, माझं डोकं फिरायचं.

पुढे मी त्सुचिया कोइत्सू या जपानी चित्रकाराचं १९३५चं, टोकियोतल्या योत्सुया अराकिचोचं चित्र मागवलं, नंतरच्या छपाईतलं. वडिलांनी ते हातात घेऊन आधी उलटं केलं. पाठीवर रंग झिरपलेला, बारेन फिरल्याच्या खुणा. मग भिंग लावलं. "ऑफसेटच्या ठिपक्यांची जाळी नाही. रजिस्टर, रंगावर रंग बसणं, केसभर हललेलं नाही. आणि हा काळा एका इम्प्रेशनचा, एकदाच छापलेला नाही, पोरा." चुलतभावाने पुढूनच पाहिलं, छान म्हणाला आणि ठेवून दिलं. चित्र असं बघणाऱ्याने कारागिरांबद्दल बोलू नये.

जपानी चित्रकार हिरोशिगेच्या १८५७च्या चित्रातला पुलावरचा पाऊस आठवा. त्या रेघा उरतील इतकं लाकूड कोणीतरी दोन्ही बाजूंनी कोरून काढलंय. योशिदा हिरोशी हा चित्रकार तर स्वतः छापणाऱ्यांच्या शेजारी उभा राहायचा. १९२९चा त्याचा टोकियोतला पावसानंतरचा कागुराझाका रस्ता बघा. (आपल्या अजिंठ्याचं १९३१चं चित्रही त्याचंच.)

पोस्टर चालेल, पण त्यात ठिपके असतील आणि पाठ कोरी असेल. हां, मूळ कल्पना आणि रेखाटन चित्रकाराचंच, ते मी नाकारत नाही. आणि खरं मुद्राचित्र घेतलंत तर उन्हात लावू नका, रंग उडतात.

दोई या प्रकाशकाने काढलेल्या कोइत्सूच्या अनेक चित्रांत समासावर कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचंही नाव असतं. विक्रेत्याला तेच आधी विचारा. पाठीचा फोटो द्यायला कुरकुरला तर दुसरीकडे घ्या.