लेकरांसोबत पहिल्यांदा वरणफळंच करा

लेकरांना स्वयंपाकात पहिल्यांदाच घेताय, तर केकच्या नादी लागू नका, वरणफळं करा, म्हणजे कणकेच्या पोळीचे गोल तुकडे (फळं) वरणात शिजवायचे. चार वर्षांचं लेकरूही कणीक कालवू शकतं. 2 वाट्या कणकेत चिमूटभर हळद, मीठ अन् चमचाभर तेल. पाणी मात्र तुम्हीच घाला, थोडं थोडं. लेकराच्या हाती तांब्या गेला की कणीक सैल होते, मग फळं वरणात विरघळतात अन् नुसती लापशी उरते. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. 15 मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर लाटलेली पोळी आक्रसते.

डबीच्या झाकणाने गोल कापू द्या, खरी मजा तिथेच. लहान हातांनी लाटलेली पोळी कडेला जाड राहते अन् तेवढंच कच्चं निघतं, म्हणून शेवटचं लाटणं तुम्ही फिरवा. कापलेली फळं एकावर एक रचू नका, चिकटतात.

तुरीचं वरण नेहमीपेक्षा बरंच पातळ ठेवा; फळं पाणी पितात. चूल अन् फोडणी मोठ्यांकडेच. वरण खळखळ उकळल्यावर एकेक फळ सोडा, गार वरणात टाकली तर गोळा होतो. 10-12 मिनिटांनी एक तोडून पाहा. मधोमध पांढरी रेघ दिसली, तर अजून शिजू द्या.