नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांपैकी एक बिनकवचाचं अंडं देते, दुसरी नुसती कुंथत बसते. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की नागपूरजवळच्या वाडीला घरामागे वनराजा जातीच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आहेत, साडेपाच महिन्यांच्या. एकीने बिनकवचाचं अंडं दिलं आणि दुसरी सकाळपासून कोपऱ्यात शेपटी पाडून कुंथतेय. मीही नागपुरातच परसात कोंबड्या पाळते. आधी दुसरीकडे बघा, पहिलीची घाई नाही.

पहिलं अंडं देताना तलंग तासभर आत-बाहेर करते, ओरडते, ते चालतं. पण पिसं फुगवून, पाय फाकवून उभी असेल, दाण्याला तोंड लावत नसेल, शीटही नीट होत नसेल, तर अंडं अडकलंय असंच धरा. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही दिवसभर बसून राहते, पण ती हात लावला की गुरगुरते, कुंथत नाही. घरात पंख्याखाली, सावलीत, टोपल्यात कोमट पाणी घ्या आणि तिचं पोट बुडेल इतक्या पाण्यात वीसेक मिनिटं बसवा. पाणी गरम नको, आणि ती धापा टाकायला लागली तर लगेच बाहेर काढा. मग मागच्या वाटेला थोडं खोबरेल लावून तिला अंधाऱ्या, शांत जागी एकटी ठेवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कवचाचे तुकडे अंडनलिका कापतात आणि तिथून पू होतो. संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही तर तिला डॉक्टरांकडे न्या. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय वाडीहून लांब नाही. कॅल्शियमचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर पुष्कळदा कोंबडी वाचते.

अंडं दिल्यावर लाल मांस बाहेर दिसलं तर क्षणभर थांबा. अंडं देताना आतला भाग थोडा बाहेर येतो आणि लगेच आत जातो. नाही गेला तर ताबडतोब तिला वेगळी करा, कारण बाकीच्या त्या लाल भागाला टोचतात आणि बघता बघता आतडी ओढून काढतात. स्वच्छ पाण्याने धुवा, सूज उतरायला साखर लावा, तेलाच्या बोटाने हळूच आत सारा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता पहिली. ते अंडं हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं डुलतं, म्हणून माणूस घाबरतो. पण अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. नवख्या तलंगेचं हे वेळापत्रक बसलेलं नसतं, त्यामुळे एखादं अंडं कवचाआधीच सुटतं, कधी दोन बलक एकदम येतात, कधी कवचावर रक्ताची रेघ दिसते. दोन-तीन आठवड्यांत बसतं सगळं.

न बसल्यास खाणं तपासा. एका कवचाला जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. वाढत्या कोंबड्यांच्या ग्रोअर खाद्यात ते १ टक्क्याच्या आसपास असतं, अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात साडेतीन ते चार. पहिलं अंडं दिसलं की लेअर खाद्यावर आणा आणि शिंपल्याचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती खाईल. कवच रात्री चढतं आणि जाडा चुरा पोटात हळूहळू विरघळतो, म्हणून तो पिठापेक्षा बरा. लहान पिल्लांना मात्र लेअर खाद्य देऊ नका, त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. आणि तंबाखूचा चुना घालायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने तोंड भाजतं.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट. पारा ४५ ला टेकला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. शिंपले कितीही घाला, कवच पातळच येणार. दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्या, पाणी मातीच्या भांड्यात दिवसातून दोन-तीनदा बदला, छपरावर ओली पोती टाका.

वनराजा अंगाने भारी पडते. शिळा भात नि पोळ्या खाऊन पोटात चरबी साठली की अंड्याची वाट अरुंद होते, हे मला तुमच्याकडे अंडं अडकण्याचं कॅल्शियमपेक्षाही मोठं कारण वाटतं. रात्रभर दिवा लावून लवकर अंडी काढायचा मोहही टाळा. अंग भरायच्या आधीच अंडी सुरू झाली की अंग बाहेर यायचा धोका वाढतो.

सगळ्यांचीच अंडी एकदम सुरकुतलेली, आतलं पांढरं पाण्यासारखं, आणि सोबत शिंका असतील तर तो संसर्ग असू शकतो. दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. डॉक्टरांनी दिलंच तर ती अंडी किती दिवस खायची नाहीत, हे विचारून घ्या.