गार्डन रूट जरूर करा, पण डिसेंबरात नको

प्रश्न : वय 33, ठाण्यात नोकरी. हातात पगार 95 हजार, घरखर्च 50 हजार, एसआयपी 20 हजार. अडीअडचणीसाठी 3 लाख बाजूला आहेत, आरडीत 1 लाख. डिसेंबरात मैत्रिणीबरोबर दक्षिण आफ्रिकेत केपटाउनहून गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने, गार्डन रूटने पोर्ट एलिझाबेथपर्यंत जायचंय. माझ्या वाट्याचा खर्च 2 लाख 60 हजार. उरलेल्या 1 लाख 60 हजारांसाठी पर्सनल लोन (14 टक्के, 2 वर्षं) घेऊ, की बाजूला ठेवलेले पैसे मोडू?

उत्तर : दोन्ही नको. कर्जाचा हप्ता साधारण 7,680 रुपये बसेल आणि व्याजापोटी सव्वाचोवीस हजारांच्या वर जातील. तेवढे पैसे तुमच्याकडे तसेही आहेत. पगारातून घरखर्च आणि एसआयपी वजा केले की महिन्याला 25 हजार उरायला हवेत. ते जातात कुठे, याचा पत्रात उल्लेख नाही! त्यातले 20 हजार या सप्टेंबरपासून वेगळ्या आरडीत टाका. एप्रिलअखेर 1 लाख 60 हजार जमतात, एसआयपीला हात न लावता.

शिवाय डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा आणि शाळांच्या सुट्ट्या. वाटेतल्या नायस्ना, प्लेटनबर्ग बे इथल्या खोल्यांचे दर तेव्हा चढेच असतात. पुढच्या वर्षी ऑगस्टात किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जा. थंडी असेल, केपटाउनला पाऊसही लागेल. पण हर्मानसच्या किनाऱ्यावरून देवमासे दिसण्याचे ते दिवस.

मला खरी काळजी वाटते ती पत्राच्या शेवटच्या ओळीची : ‘मैत्रिणीकडे क्रेडिट कार्ड नाही, सगळं माझ्या कार्डावर करू, ती नंतर देईल.’ गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या सहसा मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. म्हणजे करार तुमचा, नुकसानीत विम्याआधी भरायची रक्कम तुमची, आणि वेगमर्यादा मोडल्याचा दंड परत आल्यावर कापला गेला तर तोही तुमच्याच कार्डावर. चाक तिच्या हातात असताना गाडी ठोकली आणि करारात दुसरी चालक म्हणून तिचं नाव नसेल, तर विमा हात वर करू शकतो. तिचं नाव घालायला जादा पैसे पडले तरी घाला. टायर, काचा आणि कच्चा रस्ता विम्यात आहेत का, ते वाचून मगच सही करा. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचं वेगळं शुल्क असतं, ते तुमच्या अंदाजात दिसत नाही.

मैत्रिणीला स्पष्ट सांगा : तिच्या वाट्याचे पैसे तिकीट काढायच्या आधी तुमच्या खात्यात. अवघड वाटेल, पण परत आल्यावर हिशेब मागणं त्याहून अवघड. मे ते जुलै याच आरडीत आणखी 60 हजार येतील. ते अनामत आणि दंडासाठी राखून ठेवा.

कार्डाचं मशीन ‘रुपयांत की रँडमध्ये’ विचारेल तेव्हा रँड, म्हणजे तिकडचं चलन, निवडा; रुपयांत घेतलं की दर सहसा महाग लावतात. ब्लूक्रान्स पुलावरून 216 मीटरची बंजी उडी मारायची असेल, तर प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेत का ते आधी बघा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मात्र आत्ताच काढू नका, तो एकच वर्ष चालतो. जूनमध्ये काढा, आणि मैत्रिणीलाही काढायला लावा.